सड्यावरची मुकी गाडी

पावस गावच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, चढताना लवूमामांनी स्कूटर पुन्हा गचकन थांबवली आणि मागे बसलेल्या समीक्षाचं हेल्मेट त्यांच्या पाठीवर आपटलं.

“मामा, क्लच नाही हिला! डाव्या मुठीत ब्रेक आहे!”

“माहीत आहे गो. पण चढ आला की हात आपोआप जातो. जन्मभर गिअरची गाडी चालवली, आता हाताला कोण समजावणार?”

लवूमामा निवृत्त तलाठी, समीक्षाच्या आईचे भाऊ. समीक्षा रत्नागिरीतली खासगी तपासनीस. तपासात मामांचा उपयोग बेताचाच, पण मध्येमध्ये प्रश्न विचारायची हौस दांडगी. समीक्षाला त्यांच्यावाचून करमत नसे, हे ती त्यांना कधी सांगत नसे, एवढंच.

सड्यावर लाल मातीचे उंचवटे रचून मोटोक्रॉसची, म्हणजे मातीतल्या मोटारसायकल शर्यतीची, वाट आखलेली होती. तंबूंच्या रांगेत पेट्रोलच्या गाड्या गुरगुरत होत्या. एका तंबूपुढे अंगात शर्यतीचा पोशाख घातलेली ज्ञानेश्वरी उभी होती. तिचा तंबू रिकामा होता.

“रात्री गाडी चार्जिंगला लावली होती,” ती म्हणाली. “मी शेजारच्या तंबूत झोपले. सकाळी बघते तर गाडी गायब. कोणाला चाहूल लागली नाही. लागणार कशी? विजेची गाडी, मुकी जात.”

“शर्यत कधी?”

“दुपारी. पेट्रोलवाल्यांच्या बरोबरीनं विजेच्या गाडीला पहिल्यांदाच परवानगी दिलीय. आज मी उतरले नाही, तर पुढच्या वर्षी आम्हाला वेगळ्या गटात टाकणार, असं आयोजकांनी सांगून टाकलंय. त्या गटात मी एकटीच. एकटीनं धावायचं नि एकटीनंच पहिलं यायचं. त्यापेक्षा घरी बसलेलं बरं.” तिचे डोळे मात्र कोरडे होते. “मला गाडी हवी. चोर नंतर सापडला तरी चालेल.”

“चावी?”

“हेल्मेटच्या अस्तरात ठेवते, आणि हेल्मेट गाडीपाशीच होतं. ते तिघांनाच ठाऊक. बाबाजीकाकांना, कारण ती सवय त्यांनीच लावली. महेंद्रला, कारण काल त्यानं फेरी मारायला गाडी मागितली, तेव्हा त्याच्यासमोरच चावी काढली. आणि बागवाल्या आप्पांना, ते तेव्हा तिथं भांडायला आलेले.”

महेंद्र सावर्ड्याचा, गेल्या वर्षीचा विजेता. तो साखळीला तेल देत होता.

“मी कशाला चोरू? तिला हरवायला मला गाडी लपवावी लागत नाय,” तो छाती काढून म्हणाला. “काल चालवली ना, सगळ्यांसमोर. लोण्यासारखी पळते. घरी बायकोची स्कूटी रोज मीच पळवतो, त्यामुळं कुठं अडखळलो नाय. खरं सांगू? मलाच घ्यावीशी वाटायला लागलीय.”

शेजारच्या हापूसच्या बागेचे मालक आप्पा आपल्या बिनगिअरच्या स्कूटरवर, पायांत फवारणीचा कॅन धरून, समोरूनच आले.

“धूळ सगळी मोहोरावर बसते! तक्रार केली, होय, केली. पण त्या पोरीच्या गाडीवर माझा राग नाय. सगळ्यांच्या गाड्या तिच्यासारख्या असत्या, तर निदान दुपारी डोळा लागला असता. चोरायच्याच झाल्या तर मी बाकीच्या चोरीन!”

बाबाजी ज्ञानेश्वरीचे गुरू. त्यांच्या गॅरेजात ती लहानपणापासून पेट्रोलच्या गाड्यांवर शिकली होती. ते आपली जुनी मोटारसायकल सावलीत लावत होते. वाकून त्यांनी स्टँडखाली जांभ्या चिऱ्याची एक चपटी कपची सरकवली आणि मगच हात झटकले.

“माती भुसभुशीत. स्टँड रुतलं की गाडी आडवी,” ते म्हणाले. “पोरीचं वाईट वाटतं. पण तिच्या त्या गाडीला मी अजून हातसुद्धा लावलेला नाय. मला त्यातलं कळत नाय.”

“चोर टेंपोत घालून घेऊन गेला असणार,” लवूमामांनी आपला निकाल दिला. “सगळे हमरस्त्याकडेच शोधतायत.”

“म्हणून आपण उलट्या बाजूला जाऊ.”

तंबूंच्या मागून एक जुनी गाडीवाट निघत होती. तिच्यावर चाकांचा ताजा माग होता. थोडं पुढं मागच्या चाकानं मातीत लांब फरफट काढली होती. मग पुन्हा साधा माग, आणि जरा अंतरावर पुन्हा फरफट. वाट जिथं चढत होती, तिथं तर चाक आडवं घसरलं होतं.

“दारू प्यायलेला दिसतोय,” मामा म्हणाले.

“नाही मामा. शुद्धीवर होता, म्हणून तर असं झालं.”

पुढं उघडा कातळ लागला आणि माग संपला. समीक्षा नाकासमोर चालत राहिली. कातळापलीकडं चिऱ्याची बंद पडलेली खाण होती. तिथं, उभ्या कड्याच्या सावलीत, गाडी दिसली. तिच्यावर गोणपाट पांघरलं होतं. कुठं ओरखडाही नव्हता. स्टँडखाली चिऱ्याची चपटी कपची होती.

गाडी तंबूत आली, तेव्हा समीक्षानं तिघांना आत बोलावलं आणि पडदा ओढला.

“या गाडीला क्लच नाही, गिअर नाही,” ती म्हणाली. “डाव्या मुठीत मागचा ब्रेक आहे, स्कूटरसारखा. नेणाऱ्यानं वेग घेतला आणि गिअर बदलायला डावी मूठ दाबली. मागचं चाक जागच्या जागी अडकलं. पुढं पुन्हा तेच. चढावर गिअर उतरवायला गेला, तिथंही तेच. गिअर जिथं बदलायचा, नेमकी तिथंच फरफट. हे दारूचं काम नव्हे, हाताच्या सवयीचं आहे. मामा रोज करतात.”

लवूमामांनी डावा हात खिशात घातला.

“आप्पांची स्कूटर बिनगिअरची. महेंद्र काल हीच गाडी सगळ्यांसमोर न अडखळता चालवून गेला.”

“मुद्दाम घसरवली असेल त्यानं,” मामा म्हणाले, “दुसऱ्यावर आळ यावा म्हणून.”

“ज्याला गाडीचा काटा काढायचा असतो, तो ती खाणीत ढकलतो. इथं ती सावलीत लावलीय, वर गोणपाट घातलंय, आणि स्टँड रुतू नये म्हणून खाली कपची सरकवलीय. चोरी करतानासुद्धा ज्याला गाडीची काळजी सुटली नाही, असा माणूस आज सकाळी मी एकच पाहिला.”

ज्ञानेश्वरीनं वळून पाहिलं. “काका?”

बाबाजी खाली बसले.

“शर्यत संपली की आणून देणार होतो,” ते म्हणाले. “देवाशपथ. पेट्रोलची गाडी खोकायला लागली की तू माझ्याकडं यायचीस. मी कान लावायचो, काय दुखतंय ते सांगायचो. हिला कान लावला, तर आत कोणी बोलतच नाय गो. आज तू जिंकलीस, की माझ्या गॅरेजात परत पाऊल कशाला टाकशील?”

ज्ञानेश्वरीचा चेहरा लाल झाला. इतका वेळ आवरलेलं पाणी आता डोळ्यांत आलं.

“मी तुमच्याकडं गाडीसाठी येत होते, असं वाटलं तुम्हाला?”

तिनं मनगटानं डोळे पुसले.

“मला फार राग आलाय, काका. तो उद्या गॅरेजात येऊन काढीन. आता वेळ नाही.” तिनं हेल्मेट चढवलं. “महेंद्र, चल. तुला हरवायचंय.”

“बघू या की,” महेंद्र म्हणाला आणि पडदा बाजूला सारून तिला वाट दिली.

दुपारी सुरुवातीचं फाटक पडलं आणि सड्यावर एकच गडगडाट उठला. बाबाजी वाटेकडं पाठ करून उभे होते. तिच्याकडं बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी डोळे मिटून, नुसत्या आवाजावर, कोण पुढं ते ओळखलं होतं.

“महेंद्र पुढं आहे,” ते पुटपुटले. मग त्यांनी लवूमामांचं मनगट घट्ट धरलं. “आणि ती? ती ऐकू येत नाय हो मला. ती कुठं आहे?”

लवूमामांनी पाहिलं होतं. महेंद्रच्या धुळीतून, त्याच्या मागच्या चाकाला चिकटून, ती वळणाबाहेर येत होती. सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण हा तपास आपणच पुरा करावा, असं आज पहिल्यांदाच त्यांना वाटलं.

“मी नाही सांगणार,” ते म्हणाले. “वळा आणि बघा.”

बाबाजी वळले, आणि गर्दीतून वाट काढत शर्यतीच्या वाटेकडेच्या दोरीपर्यंत धावले.