तवंदी घाटातला वायपर

सुविधा निपाणीत एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवायची. वडिलांना, धर्मराज आप्पांना, दर मंगळवारी डायलिसिससाठी बेळगावला न्यावं लागे, म्हणून तिनं चिकोडीच्या युवराज नावाच्या माणसाकडून जुनी गाडी घेतली. गाडी चांगली होती. खोड एकच. तवंदी घाट लागला, की मागच्या काचेचा वायपर आपोआप सुरू व्हायचा. आभाळ निरभ्र, बटण बंद, तरी कोरड्या काचेवर खर्र खर्र. घाट संपला की थांबायचा. गेल्या खेपेला त्या आवाजानं ती दचकली, पाय ब्रेकवर गेला आणि मागचा ट्रक कसाबसा हातभर अंतरावर थांबला. मोटरच काढून टाकायची, असं तिनं तेव्हाच ठरवलं.

रविवारी जेवणं झाल्यावर तिनं पाना घेतला. आप्पा अंगणात खुर्ची टाकून बसले. बाहेरचा नट गंजून बसला होता. तेल मारलं, वाट पाहिली, हलकेच ठोकलं; दुसऱ्या चहापर्यंत तो सुटला. डिकीच्या दाराचं आतलं पॅनल उतरवलं, वायरींचा सॉकेट ओढून काढला, तिन्ही बोल्ट सोडवले. तरी मोटर निघेना. तिनं ओढली की बोटभर पुढं यायची आणि पुन्हा आत जायची. रबर चिकटलं असेल, असं ती म्हणाली.

"ऱ्हाऊ दे गं," आप्पा म्हणाले. "नसंल यायचं त्येला."

तिनं दोन्ही हातांनी हिसका दिला. मोटर निघाली.

मग सहज तिनं सॉकेटच्या वायरी हातात धरल्या. वीतभर आल्या आणि संपल्या. कुणीतरी त्या केव्हाच कापल्या होत्या. टोकांना काळी टेप, टेपवर जुनी धूळ. तिनं मोटर उघडली. आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. तेही वाळून भुगा झालेलं. ही मोटर कित्येक वर्षांत फिरलीच नव्हती.

सर्किट तुटलं की करंट नाही, हे ती दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवायची. तिनं कापलेली टोकं पुन्हा एकदा तपासली.

संध्याकाळी तिनं युवराजला फोन लावला. वायरी त्यानंच कापल्या होत्या, ते त्यानं लपवलं नाही. मग त्यानं विचारलं,

"मोटर काढलासा व्हय?"

"काढली."

"मग आता त्यास्नी हातानं पुसावं लागंल."

फोन कट झाला. पुन्हा लावला तर उचलला नाही. आप्पांना तिनं यातलं काही सांगितलं नाही.

मंगळवारी काचेतल्या भोकाला रबरी बूच लावून ती निघाली. शेजारी आप्पा. लख्ख ऊन होतं.

घाट लागला.

मागून आवाज आला. खर्र नव्हे. काचेवरून तळवा फिरावा तसा, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

आरशात मागची सीट रिकामी होती. काचेपलीकडं ट्रक होता. तिनं ब्रेकला पाय लावला नाही.

आप्पांनी वळून पाहिलं नाही. त्यांनी खिशातून हातरुमाल काढला, घडी मोडली आणि खांद्यावरून मागं धरला.

थोडा वेळ तो त्यांच्या बोटांत लोंबत राहिला.

मग कुणीतरी तो अलगद घेतला.