बुधवार-शनिवारची जीप

ओलं पोतं टाकून प्रतिभानं रेडिएटरचं झाकण सैल केलं, तर वाफेबरोबर चक्क पिवळंधमक पाणी वर आलं. तिला हसू आवरेना.

“काय शिजाय घातलंय यात? पिठलं?”

जीपवाला ओशाळला. पंचविशी-तिशीतला, उंचेला, केसांवर भुरभुर पावसाचे थेंब बसलेले. “आईनं हळद टाकली. कुणीतरी सांगितलं तिला, हळदीनं गळती थांबती म्हणून.”

“थांबती की. पण कुठवर?”

“पारगावचा पूल वलांडस्तोवर थांबली व्हती.”

“मग हळद चांगली हाय आईंची. जेवायला बोलवा कवातरी.”

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. अनोळखी माणसाला असं कोणी बोलतं का? पण तो हसला... आणि हसताना त्यानं मान खाली घातली, तेवढं तिनं बघून घेतलं.

ही गोष्ट भाद्रपदातली. शिरूरकडचा भाद्रपद ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आभाळ दिवसेंदिवस राखेच्या रंगाचं, पडेन पडेन म्हणतं आणि पडत नाही. पडलंच तर अंगावर शिंपडल्यासारखं. न्हावऱ्याकडून शिरूरला जाताना रस्त्याकडेला ते रेडिएटर दुरुस्तीचं पत्र्याचं दुकान होतं. पाटीवर नाव वडिलांचं, आनंदरावांचं. पण काचबिंदूनं त्यांची नजर गेली आणि तेव्हापासून जाळ्या उतरवायच्या, नळ्या साफ करायच्या, फुटक्या जागी वितळलेल्या कथलाचा डाग द्यायचा, सगळं प्रतिभा करायची. सुरुवातीला बाईमाणूस बघून गाड्या पुढे जायच्या. मग तिचा डाग सुटत नाही असं कळलं आणि त्याच गाड्या माघारी वळू लागल्या. तिला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोला.

जीपच्या मागच्या सीटवरून खोकला आला. “पोरी, धाला मशीनवर झोपायचंय मला. बघ काय जमतंय ते.”

ते आबा, जीपवाल्याचे वडील. घोंगडं पांघरून बसलेले, डाव्या हाताला पट्टी. दौंडला डायलिसिससाठी जागा मिळाली नव्हती, शिरूरला मिळाली. म्हणून पाटसजवळच्या वस्तीवरून पोरगा त्यांना दर बुधवारी आणि शनिवारी घेऊन येई. पोराचं नाव मल्हार, हे आबांनीच सांगितलं.

प्रतिभा वाकून बघून आली. गळती खालच्या टाकीच्या सांध्याला होती. “जाळी उतरवून डाग द्यावा लागंल. अर्धा दिवस जाईल. आज तुमाला घाई हाय, तर औषध टाकते. पण ते तात्पुरतं हां.”

औषध म्हणजे गळती बंद करायची बाटली. तळाशी चंदेरी चुरा बसलेला असतो. बाटली चांगली हलवायची, रेडिएटरच्या पाण्यात ओतायची आणि इंजिन चालू ठेवून पंधरा मिनिटं थांबायचं. पाण्याबरोबर फिरत फिरत चुरा भोकापाशी जातो आणि तिथं अडकून बसतो.

पंधरा मिनिटं म्हणजे काही फार नाही. तिनं आबांना खुर्ची आणून दिली. मल्हार दाराच्या चौकटीला टेकून तिच्या बोटांवरचे काळे डाग बघत राहिला.

“भाजत न्हाई का?”

“भाजतं की.”

“मग काय करता?”

“काय करणार... फुंकर मारायची.”

“कोण मारतं?”

“माझी मीच. इथं आन् कोण हाय?”

पत्र्यावर थेंब वाजत होते. आबा मात्र खुर्चीत बसून उगाच रस्त्याकडे बघत होते, म्हाताऱ्या माणसांना येतं तसं.

पुढच्या बुधवारी जीप आपणहून थांबली. थेंब थेंब पुन्हा सुरू झाला होता. पुन्हा बाटली, पुन्हा पंधरा मिनिटं. शनिवारी तो घरच्या शेंगा घेऊन आला. “आईनं दिल्यात,” म्हणाला, आणि मागून आबा म्हणाले, “आई झोपली व्हती तवा.” प्रतिभा इतकी हसली की तिला पाठ फिरवावी लागली. आता ती मंगळवारी आणि शुक्रवारी केस धुवायची. दुकानात रॉकेलचा आणि तेजाबाचा वास, केसांचं कोण बघतंय? पण धुवायची.

मग तो शनिवार आला, ज्याची तिला पुढे कितीतरी दिवस आठवण टोचत राहिली. मल्हारनं सहज विचारलं, “सोमवारी गाडी रिकामीच हाय. घेऊन येऊ का? जाळी उतरवून एकदाचा डाग देऊन टाका.”

किती साधा प्रश्न! उत्तरही साधं होतं. पण प्रतिभाच्या डोळ्यांपुढे भलतंच आलं. डाग दिला की जीप गळणार नाही. गळली नाही की थांबणार नाही. धूळ उडवत समोरून निघून जाईल, बुधवारी आणि शनिवारी...

“कशाला?” ती म्हणाली. “धरतंय की औषध. आजून एक टाकते.”

जीप गेल्यावर आतून आनंदरावांचा आवाज आला. “बाटली हलवल्याचा आवाज आला. कितवी ही?”

“तिसरी, अण्णा.”

“डाग का न्हाई दिला?”

“त्यांना येळ नव्हता.”

मघाचं मल्हारचं बोलणं आनंदरावांनीही ऐकलं होतं. नजर गेली होती त्यांची, कान नव्हते गेले.

चौथी बाटली तिनं पुढच्या बुधवारी टाकली. चुरा नुसता भोकात बसत नाही, जास्त झाला की नळ्यांतही बसतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. हात क्षणभर थांबलाही. मग मल्हार म्हणाला, “आज फुंकर मारून झाली का?” आणि हात थांबायचा राहिला.

शनिवारी जीप आलीच नाही. दहा वाजले, अकरा वाजले. प्रतिभा चार वेळा रस्त्यावर जाऊन आली. सोमवारी सकाळी एक पिकअप दुकानापुढे थांबला आणि मल्हार उतरला. दाढी वाढलेली. शेजारच्या संपतच्या गाडीतून तो नुसती जाळी घेऊन आला होता. त्यानं ती तिच्या पुढ्यात ठेवली.

“शनिवारी पुलाच्या अलीकडं गाडी पेटल्यागत तापली. उभी केली ती केलीच. आबा तीन तास कडंला बसलं व्हतं, पावसात. दुसरी गाडी मिळून शिरूरला पोचलो तवर नंबर गेलेला. रविवारी छातीत पाणी झालं, दम लागला. आत्ता आय.सी.यू.त हायत.” तो थांबला. “कशानं झालं हे?”

तिनं खालची टाकी उघडली. नळ्यांची तोंडं तपकिरी चिखलानं लिंपून गेली होती. गाडी गळतीनं नव्हे, औषधानं पाणी अडून तापली होती.

बोअरचं पाणी खारं असतं, त्यानंही नळ्या बुजतात. तेवढं म्हटलं असतं तरी त्यानं विश्वास ठेवला असता. सगळे ड्रायव्हर ठेवतात. वाक्य ओठांवर आलंही होतं. आतल्या अंधारात आनंदराव अजिबात हालचाल न करता बसले होते.

“माझ्यामुळं झालं,” प्रतिभा म्हणाली.

“म्हंजी?”

“एवढं औषध टाकायचं नसतं. मला ठाव व्हतं. तुम्ही सोमवारी गाडी आणतो म्हणला... मीच नगं म्हणलं.” तिनं बोटांवरचा चिखल पोत्याला पुसला. “गाडी नीट झाली असती तर तुम्ही थांबला नसता हितं. मला तुम्ही थांबायला पायजे व्हता. बस्स... एवढंच.”

किती मुलींनी किती तऱ्हांनी मनातलं सांगितलं असेल. कुणी असं सांगितलं नसेल. मल्हार तिच्याकडे बघत राहिला, जणू बोलणं त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागत होता.

“आबा तीन तास बसलं व्हतं,” तो पुन्हा एवढंच म्हणाला आणि पिकअपमध्ये जाऊन बसला.

त्या दिवशी ती जेवली नाही. एकेक नळी पातळ पट्टीनं खरवडून काढली, पाणी सोडून बघितलं, पुन्हा खरवडली. सांध्याला डाग दिला. असा डाग तिनं आयुष्यात दिला नव्हता. आनंदरावांनी त्यावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी जाळी न्यायला एकटा संपत आला.

आठवड्यानं जीप दिसली. बुधवारी. ती थांबली नाही. गळतच नव्हती, थांबेल कशाला? मल्हारनं मान वळवली नाही. मागच्या खिडकीतून मात्र एक सुकलेला हात वर झाला आणि खाली गेला. शनिवारीही तसंच. असे किती बुधवार आणि किती शनिवार गेले. आपल्या हातचं काम इतकं चांगलं झालं म्हणून रडणारी कारागीर तिच्याखेरीज दुसरी नसेल. तरी त्या दोन दिवशी ती दाराशी उभी राहायची, आबांचा हात बघायला. म्हातारं जगलंय, एवढं तरी कळायचं.

दिवाळीनंतरच्या पहिल्या बुधवारी जीप आली नाही. शनिवारीही नाही. पुढचा आठवडाही तसाच गेला, आणि मग तिनं दाराशी उभं राहणं सोडलं. आबांना दिलेली खुर्ची तिनं आत नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवली. कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती.

मार्गशीर्षातली एक सकाळ. उसाच्या ट्रॅक्टरांचे दिवे अजून धुक्यातून चालले होते. एक एस.टी. थांबून पुढे गेली आणि धुक्यातून कुणीतरी चालत आलं. प्रतिभानं मान वर केली आणि हातातला डाग द्यायचा तापलेला खिळा पाण्यात टाकला.

मल्हारच्या डोक्यावरचे केस नुकते कुठे उगवत होते.

“जीप?” तिला दुसरं काही सुचलंच नाही.

“इकली. आबाच न्हाईत, तर जीप काय करायची.”

ती खाली बघत राहिली. विचारायचं होतं ते विचारायची तिची छाती होत नव्हती. त्यानंच सांगितलं.

“डॉक्टरला विचारलं मी, त्या शनिवारामुळं झालं का म्हणून. न्हाई म्हणले, त्यातनं बरं झालं व्हतं, हे हृदयाचं निराळं. मग दुसऱ्या दिवशी जाऊन परत विचारलं. परत न्हाई म्हणले.”

“दोनदा का विचारलं?”

“पहिल्यांदा बरं वाटलं ना, म्हणून. खरंच हाय का बघाय.”

तिचे डोळे भरून आले. तो रस्त्याकडे तोंड करून बोलू लागला, तेच त्याला सोपं पडत होतं. “मला राग हाय आजून. खोटं न्हाई सांगत. पण हितनं जाताना आबा दर टायमाला म्हणायचं, ‘थांबव रं, गळत न्हाई म्हणून काय झालं.’ आन् मी थांबवली न्हाई. एकदा बी न्हाई. त्याचा राग कुणावर काढू?”

धुक्याचं पाणी पत्र्यावरून टपटपत होतं.

“कारेगावात खोली घेतलीया,” तो म्हणाला. “कंपनीत लागलो, रांजणगावला. सुट्टीला सगळे रविवार मागत्यात.”

“आन् तुम्ही?”

“बुधवार मागितला.”

तिनं चटकन त्याच्याकडे पाहिलं. “आन्... शनिवार?”

“एकच सुट्टी देत्यात, प्रतिभा,” तो म्हणाला, आणि इतक्या दिवसांनी त्यानं पुन्हा तशीच मान खाली घातली.

आतून आनंदरावांनी विचारलं, “कोण आलंय गं? गाडीचा आवाज न्हाई आला.”

“गाडी न्हाई, अण्णा. पाटसचं मल्हार आल्यात.”

“गाडी न्हाई, मग काय काम काढलं?”

मल्हार दारातून आत वाकला आणि म्हणाला, “काम काय न्हाई, मामा. बसाय आलोय.”

प्रतिभानं भिंतीकडची खुर्ची उचलून बाहेर आणली आणि ओढणीनं पुसून त्याच्यापुढे ठेवली.