खुर्चीत बसलेली दासी

एलित्साच्या पत्राला अच्युतरावांनी उत्तर पाठवले नव्हते. दोन वर्षे ते पत्र टेबलाच्या खणात पडून होते. कागदावर हाताने पत्र लिहिणारे फारसे कुणी उरले नव्हते, म्हणून तर ते जास्तच टोचत असे.

एलित्सा बल्गेरियातल्या एका डोंगरी गावची शाळकरी मुलगी. तिने लिहिले होते : "आमच्या दरीत टेकाडाखाली फार जुनी कबर सापडली. आत एक बाई आहे, चांदीचा पेला आहे, भिंतीवर चित्र आहे. शहरातली मोठी माणसे म्हणतात, ती ग्रीक होती. माझी आजी म्हणते, ती आपली होती. तुम्ही दातांवरून माणसाचे गाव सांगता ना? संग्रहालयाने तिच्या दोन दाढा तुमच्याकडे पाठवल्या आहेत. मी आमच्या दरीतल्या गोगलगायींचे शंख पाठवते, समुद्रकाठचेही पाठवते. लवकर सांगा."

देवरुखच्या घरामागच्या छोट्या प्रयोगशाळेत अच्युतरावांनी एक दाढ तपासली होती. उत्तर लिहायला बसले, की त्यांच्या मनात यायचे, आपले चुकले तर? मग कागद फाडायचा आणि खण बंद करायचा.

त्या दिवशी पुण्याहून त्यांची नात शाल्मली आली, ती दारातच दप्तर आपटून म्हणाली, "आजोबा, चोरी झालीय!"

"कशाची गं?"

"एका बाईची. अख्ख्या बाईची!"

शाळेने तिला एक परदेशी फिरते प्रदर्शन दाखवायला नेले होते. तिने पडद्यावर फोटो लावला. अच्युतरावांनी तो पाहताच ओळखला. एलित्साने पत्रात लिहिलेलीच ती कबर होती. भिंतीवरच्या चित्रात उंच पाठीच्या खुर्चीत एक बाई ताठ बसली होती. तिच्या उघड्या दंडांवर निळ्या रेघा आणि एक हरीण गोंदलेले होते. समोर एक माणूस मान झुकवून तिला पेला देत होता. खाली पाटी होती : 'ग्रीक स्वामिनीची कबर. चित्रात तिची गोंदलेली थ्रेशियन दासी.' त्याखाली बारीक अक्षरांत लिहिले होते, की प्रदर्शन घरी परतल्यावर हाच मजकूर कबरीच्या दारात दगडावर कोरला जाईल.

"थ्रेशियन म्हणजे?" शाल्मलीने विचारले.

"थ्रेसचे लोक. थ्रेस म्हणजे ग्रीसच्या उत्तरेचा मुलूख, आजच्या बल्गेरियाच्या आसपासचा. ग्रीकांचे शेजारी. ग्रीकांनी त्यांच्या किनाऱ्यावर शहरे वसवली होती."

"पाटी बरोबर आहे," कोपऱ्यातून भोपळ्या बोलला. भोपळ्या म्हणजे प्रयोगशाळेतला गोल डोक्याचा यंत्रमानव. "गोंदण म्हणजे गुलाम. ग्रीक पळपुट्या गुलामांना गोंदत असत."

"मग दासी खुर्चीत कशी बसलीय? आणि दासीपुढे तो वाकलाय कशाला?"

"स्वामिनी चित्राबाहेर असावी."

"चित्राबाहेर!" शाल्मलीचा आवाज चढला. "आजोबा, पणजीच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं ना? उद्या कुणी तिचा फोटो बघून म्हणेल, ही मोलकरीण, घरमालकीण फोटोबाहेर आहे. चालेल तुम्हाला?"

अच्युतरावांना आईचा तो हात आठवला. ते चिडणारे गृहस्थ नव्हते. ग्रंथालयात कुणी त्यांची खुर्ची घेतली तरी तेच क्षमा मागत. पण आज त्यांचे कान तापले.

"भोपळ्या," ते म्हणाले, "थ्रेसच्या गोंदणाबद्दल तुझ्यापाशी आणखी काय आहे?"

"एका ग्रीक इतिहासकाराने म्हटले आहे, की थ्रेशियनांत गोंदण हे उच्च कुळाचे लक्षण, गोंदण नसलेला माणूस हलका."

"आणि हे तू आत्ता सांगतोस?" शाल्मली ओरडली.

"ते एकाच ठिकाणी आहे. बाकी सगळीकडे गोंदण म्हणजे गुलाम. मी बहुमत सांगतो."

"कुणाचं बहुमत?" अच्युतराव उसळले. "सगळी पुस्तकं ग्रीकांची! थ्रेशियनांनी पुस्तकं लिहून ठेवली नाहीत, म्हणून त्यांना मतच नाही? भांडणात एकाच घरचे साक्षीदार बोलवायचे, मग त्यांची डोकी मोजायची आणि त्याला बहुमत म्हणायचं! ही पाटीसुद्धा तुझ्यासारख्याच कुणीतरी लिहिली असणार."

भोपळ्याच्या डोक्यावरचा दिवा मंद झाला. "मग दुसऱ्या घरचा साक्षीदार कोण?"

अच्युतरावांनी खण उघडला. पत्र, शंखांची डबी आणि न तपासलेली दाढ त्यांनी बाहेर काढली. शाल्मलीने पत्र वाचले आणि दाढेची न उघडलेली पुडी उचलली.

"ही दुसरी दाढ का नाही तपासली?"

"पहिलीच्या उलट निघाली तर, म्हणून." ते खाली मान घालून म्हणाले. "बस, सांगतो. खडकांत स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य असतं. त्याचे समस्थानिक असतात (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे भाऊ). काही जुन्या खडकांत, जसं ग्रॅनाइटमध्ये, जड भावाचं प्रमाण जास्त असतं. समुद्रातल्या चुनखडीत कमी. खडकातून ते पाण्यात उतरतं, पाण्यातून धान्यात, धान्यातून आपल्यात."

"आणि दातात?"

"ते कॅल्शियमसारखंच वागतं, म्हणून त्याच्या रांगेत घुसतं. हाडं जन्मभर बदलत राहतात. पण इनॅमल (दातावरचं कडक कवच) एकदा तयार झालं, की बदलत नाही. मी तपासली ती पहिली दाढ, ती अगदी लहानपणी घडते. ही अक्कलदाढ, ती हिरडीच्या आत तुझ्या वयाच्या सुमारास घडते."

"म्हणजे दोन्ही मिळून तिचं सगळं बालपण! आणि शंख?"

"गोगलगाय गाव सोडून जात नाही. तिचा शंख म्हणजे त्या जागेचा नमुना. ही पोर हुशार आहे. तिने तुलनेची सोय आधीच करून ठेवली."

भोपळ्याने अक्कलदाढ यंत्रात ठेवली. लेसरच्या बारीक किरणाने कणभर इनॅमलची वाफ केली. अच्युतरावांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. पडद्यावर समुद्रकाठच्या शंखांची रेघ खाली होती, दरीतल्या शंखांची बरीच वर. पहिल्या दाढेचा ठिपका वरच्या रेघेवर होता.

दुसरा ठिपका उमटला. तोही त्याच रेघेवर.

"दरीतलीच!" शाल्मली टाळ्या पिटत म्हणाली. "लिहा, ती थ्रेशियन राणी होती!"

"थांब. दात पाणी सांगतो, जात-कुळी सांगत नाही. तसल्याच खडकांची दुसरी दरीही असू शकते, आणि एखादं ग्रीक कुटुंब दरीत राहत असेल."

"झालं! तुमचं 'कदाचित' सुरू."

"अगं, पण समुद्रकाठच्या शहरात ती वाढली नाही, हे पक्कं. आणि कबरीत बाई एकच, चित्रात बाई एकच, तीही खुर्चीत. चित्राबाहेरची स्वामिनी मात्र कुणीच पाहिलेली नाही."

"माझ्याही पुस्तकांत ती नाही," भोपळ्या हळूच म्हणाला. "मी ती रचली. आजोबा, मला आता दात आणि शंखही वाचायला द्या."

"देईन. पण शाल्मली, हे प्रदर्शन घरी परतलं, की पाटीचा मजकूर कबरीच्या दारात दगडावर कोरणार आहेत ना?"

"हो, पुढच्या महिन्यात," शाल्मली म्हणाली. "एलित्साला तो रोज वाचावा लागेल."

अच्युतरावांनी कागद ओढला. या वेळी फाडला नाही. त्यांनी लिहिले : 'प्रिय एलित्सा, उशिराबद्दल माफ कर. ती तुमच्याच दरीतल्यासारखे पाणी पिऊन वाढली. दोन्ही दाढा तेच सांगतात. खुर्चीत बसलेली बाई कदाचित तीच असावी. तिला दासी म्हणायला मात्र कसलाही पुरावा नाही, आणि तसे मी संग्रहालयालाही कळवतो आहे. पाटी बदलेपर्यंत कळवत राहीन. तुझ्या आजीला नमस्कार. आता आजूबाजूच्या दऱ्यांतलेही शंख गोळा कर. तुझ्या मुलखाचा नकाशा आपण दोघे मिळून करू.'

"कदाचित एकदाच आलंय," शाल्मली खांद्यावरून डोकावून म्हणाली. "तेवढं चालेल."

टपाल कार्यालयासमोरच्या लाल पेटीशी अच्युतराव क्षणभर थबकले. पाकीट हातातून सुटेना. मग त्यांना दंडावरचे ते निळे हरीण आठवले, आणि आईचा हात. त्यांनी पाकीट आत टाकले. तळाशी ते पडल्याचा आवाज त्यांनी नीट ऐकला.