उलटी बसवलेली खिडकी

बहात्तर सालच्या नोव्हेंबरात शेवगावच्या एसटीतून उतरून दया थेट गावच्या चर्चपाशी आली, तेव्हा शिडीवरचा एक अनोळखी सुतार तिची खिडकी उलटी बसवून मोकळा झाला होता. मुंबईत तीन वर्षं उस्तादांच्या हाताखाली रंगीत काच कापायला शिकताना बोटांची चाळण झाली होती. त्यातून झालेली ही पहिलीच खिडकी, तिनं ट्रकनं पुढे पाठवलेली. आणि उद्या रविवारी उपासनेला येणारी अख्खी मंडळी ती बघणार होती.

"उतरा खाली," दया म्हणाली.

तो उतरला. खांद्यावर भुसा, कानावर पेन्सिल, आणि डोळे... डोळ्यांकडे बघायला तिला सवड नव्हती.

"नाव काय तुमचं?"

"प्रभुदास. पारनेरचा."

"पारनेरात खिडक्या उलट्या बसवतात?"

"न्हाई," तो हसला. "ही मुद्दाम बसवली."

मुद्दाम! दयाच्या अंगाचा तिळपापड झाला.

खिडकीत बाजरीचं कणीस होतं. गेल्या नाताळात ती सूप घेऊन घरोघर फिरली होती आणि बायकांनी आपल्या वाढवलेल्या बांगड्यांचे तुकडे त्यात टाकले होते. कणसाचे दाणे म्हणजे तेच तुकडे. खाली त्या बायकांची नावं रंगवली होती. आता आतून नावं उलटी दिसत होती, आणि बाहेरून, भर दुपारी, सगळी काच नुसती काळी.

"ही नावं रंगुबाईची, केशरबाईची," प्रभुदास म्हणाला. "त्या काय चर्चात येत्यात व्हय? म्हनून तोंड बाहेर केलं. त्यांना दिसाया पायजे."

"दिसतंय का काही?"

त्यानं वर पाहिलं आणि ओशाळला. "काळंच हाय की."

"काचेला उजेड मागून लागतो. मला विचारायला काय झालं होतं?"

"तुमी हुता मुंबैला. आनि... तुमी अशा भांडता हे म्हाईत असतं, तर अजून एक उलटी बसवली असती."

दयानं तोंड फिरवलं. कान तापले होते. ते रागानंच, असं तिनं स्वतःला बजावलं.

दिवेलागणीला बायका दुष्काळी कामावरून, खडी फोडून परतत होत्या. तेवढ्यात प्रभुदासनं चर्चमध्ये गॅसबत्ती पेटवून खिडकीमागे धरली – आणि कणीस उजळलं. रंगुबाई डोक्यावरच्या पाटीसकट थबकली.

"आगं, ह्यो माज्या हिरव्या चुड्याचा तुकडा," ती म्हणाली.

मागच्या बायकाही पुढं सरकल्या. त्या गावात वर्षभर कुणी भरलेलं कणीस पाहिलं नव्हतं.

दयाच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी राग काही जाईना. माणसानं चूक करावी आणि ती इतकी चांगली निघावी, हा कुठला न्याय?

प्रभुदास बाहेर आला तशी ती म्हणाली, "सकाळी उपासनेआधी ही सरळ करायची. उन्हापावसानं नावं उडून जातील. आणि ह्या बायकांना मी हाताला धरून आत नेणार आहे."

"करतो. पन समोरच्या भिंतीत आनखी एक करा. तोंड बाहेर."

"दिवसा काळी दिसेल."

"सांजच्याला बत्ती मी धरीन. रोज."

"रोज? तुम्ही तर पारनेरचे."

"हुतो," प्रभुदास म्हणाला.

दयानं कपाळावरची आठी तशीच ठेवली... मोठ्या कष्टानं.

"सहाला या," ती म्हणाली. "शिडी मी धरते."