विषय सहावा : दार उघडून मिळणेबाबत

सभेची नोटीस कारकुनाला झोपेतही लिहिता येते, असं जुने लोक म्हणत. ही नोटीस मी लख्ख जागेपणी, सकाळच्या उजेडात, खिडकीशी बसून लिहिली होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकलं की तुम्ही पहिल्यांदा तेच विचाराल. कंदिलाची वात जरा वर करा, म्हणजे मला तुमचं तोंड दिसेल.

सन छत्तीसचा चैत्र होता. गावाचं नाव राहू द्या. मंगरूळपीरहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाची वाट, एवढं पुरे. समुद्र आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता, पण गावाला मोठा तलाव होता आणि आमची भांडणं, लग्नं, मर्तिकं सगळी त्याच्या काठावरच व्हायची. गावाला म्युनिसिपल कमिटी होती, कमिटीला सात मेंबर होते, आणि मी, इंद्रभान, तिथला अकरा महिन्यांचा हंगामी कारकून होतो. घरी बायको रुख्मिणीला सातवा महिना लागला होता.

शनिवारच्या सभेपुढे पाच विषय होते. पहिले तीन नेहमीचे : दिवाबत्तीचं रॉकेल, गटारं आणि कोंडवाडा. चौथा, तलावाच्या पाळीवरची पडकी घरं साफ करून तिथं भाजीबाजाराचे ओटे बांधणे. पाचवा, हंगामी कारकुनास कायम करणे. पाचवा लिहिताना अक्षर जरा जास्तच वळणदार आलं, हे कबूल करतो. आठ प्रती केल्या, एक दप्तराला ठेवली, आणि चंपत चपराशानं उरलेल्या सात घरोघर देऊन पोचेच्या सह्या आणल्या.

दुसऱ्या दिवशी प्रेसिडेंट बबनरावांचं बोलावणं आलं. मोठे जमीनदार, वयानं पन्नाशीच्या पुढे. ओसरीवर बसले होते, नोटीस मुठीत चुरगळलेली होती. मला वाटलं, रागानं.

"हा सहावा विषय कोनाच्या सांगण्यावरून टाकला तुनं?"

"सहावा नाही जी. पाचच आहेत."

त्यांनी कागद पुढे केला. माझंच अक्षर, माझीच शाई. पाचव्याच्या खाली लिहिलं होतं : 'विषय ६. आवडाबाई, राहणार तलावाची पाळ, हिचा अर्ज, घराचे दार उघडून मिळणेबाबत.'

मी धावत कचेरीत आलो. दप्तराच्या प्रतीतही तेच होतं. चंपतला घेऊन उरलेल्या सहा घरी गेलो, तिथंही तेच. चंपत म्हणाला, "बाबूजी, मी नेल्या तवा पाच होते का सहा, मले काई सांगता येत नाई. मले वाचता येते कुठं?"

आता कायदा असा, की नोटिशीत नाही तो विषय सभेत घेता येत नाही आणि आहे तो गाळता येत नाही. गाळायचा तर एकच वाट : कारकुनानं 'लेखनदोष' म्हणून लाल रेघ ओढायची आणि खाली सही करायची. बबनरावांनी नेमकं तेच सांगितलं. "रेघ मार. नाईतर तुहा पाचवा बी पुढच्या सभेत जाईन. समजलं का?"

समजायला काय, बाळंतपण तोंडावर आलेल्या माणसाला अशी भाषा चटकन समजते. मी लाल शाई काढलीसुद्धा. पण टाक कागदावर टेकवण्याआधी मनात आलं, ही आवडाबाई आहे तरी कोण ते पाहून यावं. कुतूहल नडलं. अर्जांचं रजिस्टर पाहिलं, त्यात तिचं नाव नव्हतं. मग भर दुपारी पाळीवर गेलो.

चैताची दुपार आमच्याकडे रात्रीहून वाईट असते. माणूस नाही, जनावर नाही. तलाव आटून मध्यावर गेलेला, काठाच्या चिखलाला कुजक्या कमळकांद्यांचा वास. माळ्यांच्या वाड्यांत मोटा थांबलेल्या होत्या. एका आंब्याखाली म्हातारा शालिकराम माळी कांद्याच्या जुड्या बांधत बसला होता. मी नाव काढताच त्याचे हात थांबले.

"हे नाव कोनं सांगतलं तुमाले?"

"सभेपुढे अर्ज आहे तिचा."

हातातली जुडी त्यानं खाली ठेवली. मग म्हणाला, "अर्ज तर केला होता तिनं. तेवीस वर्सं झाली त्याले. पलेगाचं साल होतं. ती भाजी घेऊन शेलूबाजारले गेली होती, अन इकडं कमेटीचे लोक आले. घरं खाली करून साऱ्याईले कॅम्पात धाडलं, अन दाराले खिळे ठोकत गेले. तिची पोट्टी तापानं निजली होती, मांगच्या कोठीत. कोनाले दिसली नाई..."

"मग आवाज?"

"आवाज येत होता बाबूजी." तो माझ्याकडे पाहत नव्हता. "दोन दिस येत होता. आमी मुकादमाले सांगतलं. तो म्हने, सारे लेकरं कॅम्पात हायेत, तुमाले भास होते. आवडाबाई कॅम्पात जाऊन आली, तिथं पोट्टी नाई. दाराले हात लावाले गेली, तं शिपायानं काठीनं हाकललं. मंग कचेरीत अर्ज देला. कारकून म्हने, पुढच्या सभेपुढं ठेवतो. सभा होती नऊ दिसानं."

"आणि तुम्ही?"

"आमी हुकमाची वाट पाह्यली." म्हाताऱ्यानं डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. "घनाचा एक ठोका मारला असता तं दार निंगालं असतं. हुकूम नाई म्हनून साऱ्या पाळीनं वाट पाह्यली. चवथ्या दिसी तिनं तलाव जवळ केला. अर्ज तसाच राह्यला, दार बी तसंच."

मी विचारलं, खिळे ठोकायला मुकादम कोण होता. तो म्हणाला, "बबनरावच. जवान होते तवा. त्याईले तरी काय मालूम, आत लेकरू हाये म्हनून."

त्यानं लांबूनच ते घर दाखवलं. जवळ आला नाही. घर कसलं, पुढची भिंत कमरेएवढी उरली होती आणि तिच्यात चौकट उभी होती. चौकटीत बंद दार, दारावर आडवी फळी, फळीला गंजलेले खिळे. भिंतीवरून पलीकडचं तरोट्याचं रान आणि तलाव स्वच्छ दिसत होता. तेवीस वर्षांत गावातलं लाकूड कुणी सोडत नाही, पण या दाराला कुणी हात लावला नव्हता.

मी भिंतीजवळ उभा राहिलो. वारा नव्हता. आणि दारावर, आतल्या बाजूनं, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर... टक. मग पुन्हा, टक... टक. घाबरवणारा आवाज नव्हता तो. थकलेला होता. मी वाकून भिंतीपलीकडे पाहिलं. दाराच्या मागं तरोट्याचं एक पानही हलत नव्हतं, आणि आवाज चालूच होता.

मी पळालो, हे सांगायला लाज वाटत नाही. कचेरीत येऊन प्लेगच्या सालाच्या कागदांचा बस्ता सोडला. कसरीनं खाल्लेल्या कागदांत तो अर्ज होता, कुणाकडून तरी मोडीत लिहून घेतलेला. वर माझ्याआधीच्या कुठल्या कारकुनाचा शेरा : 'पुढील सभेपुढे ठेवावा.' तोच शेरा अकरा महिन्यांत मी किती अर्जांवर मारला होता, याचा हिशेब करवेना. संध्याकाळी रुख्मिणीनं जेवताना विचारलं, कायमचं झालं का? मी म्हटलं, होईल. लाल शाईची दौत मी बुच लावून ठेवून दिली.

शनिवारी चार वाजता सभा भरली. बबनरावांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली : रेघ मारली नाही. त्यांनी चार विषय भराभर उरकले. "पाचवा पुढच्या सभेत. सहाव्याची अर्जदार हजर नाही, सबब अर्ज काढून टाकला. सभा संपली."

पण आमच्या कमिटीची रीत होती. अर्जदार हजर नाही असं लिहायचं, तर आधी चपराशानं ओसरीवरून तीनदा पुकारा करायचा. चंपतनं 'अर्जदार' हा शब्द ऐकला आणि सवयीनं खाकरून उभा राहिला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि मला अडवायचं सुचलं नाही.

"आवडाबाई, तलावाची पाळ... हाजर हाये काय?"

अंगणात ऊन होतं. पलीकडे कोंडवाड्यातली जनावरं रवंथ करायची थांबली.

"आवडाबाई, तलावाची पाळ... हाजर हाये काय?"

बबनराव अर्धवट उठून उभे राहिले होते. "चंपत, पुरे..."

"आवडाबाई, तलावाची..."

"हाजर हाये जी."

बाईचा आवाज होता, अंगणातून आलेला, खालच्या पायरीजवळून. अगदी अदबीचा, कचेरीत बोलताना गरीब माणूस बोलतो तसा. पायरीवर कुणी नव्हतं. दगडावर पाणी सांडलं होतं आणि उन्हात ते वाळत नव्हतं. सातही मेंबरांनी ऐकलं, आणि बबनराव सोडून सहाही जण समोरच्या कागदाकडे पाहत बसले.

बबनराव खाली बसले. कपाळावरचा घाम त्यांनी पुसला नाही. समोरचा कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "मंजूर. लिही इंद्रभान. दार उघडून देण्यात यावे. आजच." मग अगदी हळू, पायरीकडे न पाहता, म्हणाले, "मले माहीत नव्हतं वो बाई."

हुकमाची बजावणी कारकुनाचं काम. दिवस मावळायच्या आत चंपतला आणि पहार घेऊन मी पाळीवर गेलो. शालिकराम आणि चारपाच माळी लांब, हात जोडून उभे होते. आतला आवाज चालू होता. चंपतनंही ऐकला, कारण पहार त्याच्या हातातून दोनदा सुटली. शेवटी मीच घेतली. तेवीस वर्षांचे खिळे, पण पहिल्याच नेटाला फळी सुटली. मी दार ढकललं. आवाज थांबला. पलीकडे तरोटा होता, तलाव होता, आणि मावळतीचा उजेड होता.

दाराची आतली बाजू मात्र मी पाहिली, आणि पाहायला नको होती. खालच्या फळीवर, गुडघ्याच्या उंचीपर्यंत, बारीक बारीक ओरखडे होते. सगळं दार जुनं, काळं पडलेलं. ओरखड्यांतलं लाकूड पांढरं होतं, आणि कुसळं अजून ओली.

मी तिथंच बजावणीचा कागद लिहिला : 'हुकमाप्रमाणे दार उघडून दिले.' खाली दोन जागा असतात, एक अर्जदाराच्या सहीची, एक साक्षीदाराची. दोन्ही कोऱ्या ठेवल्या. माळ्यांपैकी कुणी पुढे आलं नाही, आणि मी कुणाला बोलावलं नाही. कागद कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली जानव्याला बांधली आणि घरी गेलो.

पुढे मी दोन वर्षं हंगामीच राहिलो. आम्हाला मुलगी झाली. बबनरावांनी पुढच्याच महिन्यात प्रेसिडेंटपद सोडलं, आणि पाळीवर ओटे कुणी बांधले नाहीत. हे सगळं नंतरचं. तुम्हाला सांगायचं ते सोमवार सकाळचं. मी कुलूप काढलं, कागद बाहेर घेतला. अर्जदाराच्या जागी आंगठा उठलेला होता, शाई पाण्यानं फुटलेली. आणि साक्षीदाराच्या जागी दुसरा होता, अगदी स्पष्ट, तुरीच्या दाण्याहून जरासाच मोठा.