एकच बिल्ला

बसा वहिनी, इथं दिव्याजवळ. हे आत पडलेत, म्हणून हळूच सांगते.

यांना फिरायची भारी हौस. गेल्या सुट्टीत मला त्या शेतकरी गावात घेऊन गेले. सकाळपासून सूर्यफुलांची शेतं झाली, पाणचक्की झाली, जुन्या ट्रॅक्टरांचं संग्रहालय झालं. माझ्या पायांचे तुकडे पडले. तरी हे म्हणाले, "अगं, कोठी राहिलीच की!"

कोठी म्हणजे गहू साठवायचा चार मजली पत्र्याचा बुरूज. बाहेरून जिना. वर गेलं की सगळं शिवार दिसतं, आणि आत वाकलं की काठोकाठ गहू. खाली फळीवर पितळी बिल्ले टांगलेले होते. कोठीवाला म्हणाला, "प्रत्येकानं एकेक गळ्यात घाला, उतरलात की परत अडकवा. सगळे बिल्ले आल्याशिवाय मी खालचं दार उघडत नाही. ते उघडलं की वरचा गहू गरगरत खाली जातो. माणूस असला तर माणूसही." तेवढ्यात ट्रक आला, तो तिकडे वळला.

मी एकच बिल्ला उचलला. "दोघांत एक पुरे, आपण काय वेगळे आहोत का?" नको तिथं शहाणपणा, दुसरं काय!

वर ऊन मी म्हणत होतं. "तुम्ही बघत बसा, मी चालले," म्हणत मी उतरले. घरची सवय, वस्तू जागच्या जागी. बिल्ला खिळ्याला अडकवला आणि पाणी प्यायला गेले.

मग घरघर सुरू झाली... पत्रा थरथरायला लागला. गव्हाची धूळ नाकात गेली आणि मला आठवलं, आमचा एकुलता बिल्ला तर मी खाली अडकवून आले!

"अहो, बंद करा! हे वर आहेत!" मी जीव खाऊन ओरडले.

कोठीवाल्यानं खालचं दार बंद केलं. चेहरा पांढराफटक. "फळीवर सगळे बिल्ले होते, ताई..."

जिन्याकडे धावलो, तर हे खालच्या पायरीवर उभे. नखशिखांत धुळीनं माखलेले, हसत. मी लाजबिज सोडून मिठीच मारली. कोठीवाला मात्र जवळ आला नाही.

"दार उघडल्यापासून मी जिन्यासमोरच होतो," तो पुटपुटला. "कुणी उतरलं नाही..."

निघताना त्यानं माझा नंबर मागून घेतला.

तीन आठवडे झाले. रोज सकाळी यांच्या उशीवर मूठभर गहू असतो. मी चादर झटकते, केर काढते, कुणाला सांगत नाही. हे जेवतात, हसतात, पण फिरायचं नावच काढत नाहीत. वरून काय दिसलं विचारलं, तर म्हणतात, "अंधार." भर दुपार होती हो, वहिनी!

आज तुम्ही यायच्या आधी कोठीवाल्याचा फोन आला. मी गच्चीवर जाऊन घेतला.

"ताई, कोठी तळाला आलीय. रविवारी शेवटचा गहू निघेल. तुम्ही यायला हवं... एकट्याच या."

खाली आले तर हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. वळलेसुद्धा नाहीत. अगदी यांच्याच आवाजात, अगदी मायेनं म्हणाले, "रविवारी जाऊ नकोस गं... मला अजून राहायचंय तुझ्याजवळ."

सांगा वहिनी, जाऊ का मी?