टिटवी घाट उतरते

"ब्रेकवर भार न टाकता अख्खा घाट उतरायचा. मग गाडीला आवरायचं कुणी? सांग बरं!" कल्याणी आत्या म्हणाली.

शर्वरीला एरवी कोडी आवडत. पण आज ती सकाळपासून घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या डोक्याला कोडी सुटत नाहीत. समोर महाबळेश्वरहून खाली उतरणारा आंबेनळी घाट धुक्यात बुडी मारून बसला होता. रस्ता चार हात दिसायचा आणि पुढे गडप व्हायचा.

शर्वरीच्या काळात माणसं गाड्या चालवत नसत. गाड्या आपापल्या चालत, विजेवर आणि अगदी गुपचूप. पण घाटातल्या धुक्यात त्यांना संदेश मिळत नसत. मग त्या रस्त्यातच बसकण मारत, डबक्यात बसलेल्या म्हशींसारख्या. घाटाखालच्या वाड्यांना डॉक्टर हवा असला, तरी धुकं हटेपर्यंत वाट बघावी लागे. म्हणून साताऱ्याच्या कार्यशाळेत आत्याने हाताने चालवायची एक गाडी तयार केली होती. छोटी, लालभडक, वाऱ्यासारखी चपळ. उसाच्या मळीपासून केलेल्या इंधनावर ती चाले. नाव टिटवी.

आज टिटवीची परीक्षा होती. मागच्या सीटवर दक्ष नावाचा सरकारी यंत्रमानव बसला होता. उतरताना ब्रेक चारशे अंशांवर तापला, तर टिटवी नापास. मग तिला घाटात कधीच सोडणार नव्हते, आणि आत्याची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती. नियमाप्रमाणे गाडीत एक प्रवासी हवा होता. आत्याचा सहकारी नेमका तापाने झोपला, आणि शर्वरी मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती, "मी येते की!" आता त्या तोऱ्याचा मागमूसही उरला नव्हता.

"दक्षकाका, तुम्ही मदत करणार ना?" तिने मागे वळून विचारले.

"सूचना देण्याची मला परवानगी नाही, फक्त ब्रेकचे तापमान सांगता येते," दक्ष म्हणाला. "परंतु कोणी प्रश्न विचारल्यास उत्तर देणे मला बंधनकारक आहे."

"एक खूण देऊन ठेवते," आत्या म्हणाली. "रंगपंचमीची पिचकारी आठव. तोंडावर अंगठा दाबून धरायचा आणि दट्ट्या मागे ओढायचा. काय होतं?"

"ओढवत नाही. दट्ट्या परत आत जायला बघतो."

"शाब्बास! तेवढं लक्षात ठेव."

टिटवी निघाली. आत्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. त्याच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक पॅडल (बोटाने ओढायची छोटी पट्टी) होते. उजवे ओढले की गिअर वर जायचा, डावे ओढले की खाली. हात स्टिअरिंगवरून उचलायची गरजच नव्हती. गिअर म्हणजे लहानमोठ्या दातेरी चाकांची जोडी. चाक एकदा फिरले की एंजिन किती वेळा फिरणार, हे ती जोडी ठरवते.

उतार लागला. आत्याने डावे पॅडल दोनदा ओढले. घर्रर्रर्र! एंजिनाने असा काही सूर लावला की शर्वरी सीटमध्ये उडालीच. मुक्या गाड्यांत वाढलेल्या या पोरीने असला आवाज जन्मात ऐकला नव्हता. तिच्या लेखी गाडी ओरडते म्हणजे गाडी मोडते!

"आत्या, मोडतंय काहीतरी! बंद कर ना तो आवाज!" तिने कान गच्च दाबले. डोळ्यांत पाणी आले.

"अगं, काही मोडत नाही बाळा..." पण भाचीचा पांढराफटक चेहरा बघून आत्याचे काळीज विरघळले. थोडा वेळ ब्रेक सांभाळून घेईल, असे म्हणत तिने उजवे पॅडल ओढले. एकदा, दोनदा, तीनदा. आवाज मावळला. टिटवी लोण्यावरून सुरी जावी तशी सुळकन निघाली.

शर्वरीने सुटकेचा श्वास टाकला. पण ती सुटका फार वेळ टिकली नाही. कठडे भराभर मागे पळू लागले. आत्याचा पाय पुन्हा पुन्हा ब्रेकवर जात होता. एक वळण झाले, दुसरे झाले आणि गाडीत जळकट वास आला.

"ब्रेक, तीनशे दहा अंश," दक्ष म्हणाला.

आत्याने डावे पॅडल ओढले. टीं टीं! गिअर बदललाच नाही.

"का नाही ऐकत ती?" शर्वरी मागे वळली. "दक्षकाका, का?"

"वेग जास्त आहे. या वेगात खालचा गिअर पडल्यास एंजिन मर्यादेबाहेर फिरेल आणि खराब होईल. म्हणून गाडी नकार देते."

"आणि वास कसला?"

"ब्रेक चाकाला घासून थांबवतो. घासल्याने उष्णता निर्माण होते, आपण तळहात चोळतो तशी. फार तापल्यास ब्रेकची पकड सुटते. आता तीनशे चाळीस."

शर्वरीच्या तोंडचे पाणी पळाले. धुक्यात पुढचे वळण कुठे आहे तेही कळत नव्हते. रडावे की ओरडावे? पण दक्षकडे उत्तर होते, आणि ते प्रश्नाशिवाय बाहेर येणार नव्हते. तिने ओठ चावला.

"मघाशी वेग का नव्हता वाढत? तो आवाज होता तेव्हा?"

"तेव्हा दुसरा गिअर होता. चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की एंजिनात हवा जाण्याचे तोंड जवळजवळ बंद होते. आत दट्टे असतात. उतारावर चाके एंजिनाला फिरवतात, त्यामुळे त्या दट्ट्यांना बंद तोंडातून हवा ओढावी लागते."

"पिचकारी!" शर्वरी ओरडली. "अंगठा लावलेली पिचकारी! म्हणजे एंजिनच चाकांना मागे धरतं?"

"होय. दुसऱ्या गिअरमध्ये चाक एकदा फिरताना एंजिन सुमारे नऊदा फिरते. पाचव्यात जेमतेम तीनदा."

जितके फेरे जास्त, तितक्यांदा पिचकारी ओढायची. जितक्यांदा ओढायची, तितकी गाडी आवरलेली. म्हणजे तो आवाज मोडण्याचा नव्हताच. टिटवी जीव तोडून त्यांना धरून ठेवत होती, आणि आपणच तिला गप्प केले! शर्वरीला स्वतःचा असा राग आला की भीती क्षणभर बाजूलाच राहिली.

"आत्या, आधी ब्रेक दाबून वेग कमी कर. मग पॅडल ओढ!"

"तेच करतेय. ब्रेक पुरला पाहिजे फक्त." आत्याच्या कपाळावर घाम होता. "पुन्हा तसंच ओरडेल हं ती. घाबरशील?"

"घाबरेन. पण तू ओढ!"

आत्याने सगळा जोर लावून ब्रेक दाबला.

"तीनशे ऐंशी," दक्ष म्हणाला. "तीनशे नव्वद."

आत्याचे बोट हलले. चौथा. पुन्हा हलले. तिसरा. एंजिन गरजले. आणखी एकदा, दुसरा! घर्रर्रर्र! कोणीतरी मागून शेपूट धरावी तशी टिटवी एकदम संथ झाली. धुक्यातून वळण समोर आले, अगदी नाकासमोर, आणि टिटवीने ते सावकाश घेतले. आत्याचा पाय ब्रेकवर नव्हता.

"तीनशे सत्तर," दक्ष म्हणाला. जरा वेळाने, "तीनशे वीस."

शर्वरीचे हात कानांकडे जायला निघाले होते. तिने ते मांडीखाली दाबून धरले आणि तो आवाज पार खालपर्यंत ऐकला.

घाटाच्या पायथ्याशी स्वच्छ ऊन होते. आत्याने गाडी थांबवली आणि शर्वरीला जवळ ओढले. "चूक माझी," ती म्हणाली. "तुझं रडू थांबवायला मी तुलाच संकटात घातलं."

"गाडी उत्तीर्ण," दक्ष म्हणाला. "एक उणीव नोंदवली आहे. आवाज मोठा. प्रवासी घाबरतात."

"मग प्रवाशांना आधीच सांगायचं," शर्वरी म्हणाली. "आणि काका, ब्रेकची सगळी उष्णता वाऱ्यावरच जाते? ती साठवता नाही येत?"

"आपल्या मुक्या गाड्या उतारावर वेगाची वीज करून ती साठवतात. टिटवीत अद्याप तशी सोय नाही."

"अद्याप," आत्या हसली. "कार्यशाळेत ये सुट्टीत. बघू दोघी मिळून."

वर महाबळेश्वरला परतायचे होते. टिटवी सुरू झाली. पहिल्या चढालाच शर्वरीने पट्टा घट्ट केला, कारण भीती अजून पुरती गेली नव्हती. पण या वेळी तिने खिडकीची काच खाली केली. आवाज नीट ऐकू यायला हवा होता.